मागचा केशरी रंग

रविवार, ११ जानेवारी

चौतीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या सुट्या भागांतल्या चुका शोधायच्या आणि त्यांवर लाल खडूनं फुली मारायची, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर फुली मारायला काही उरलं नाही, तेव्हा घरातल्या गोष्टींवर मारू लागलो. दाराची कडी सैल आहे, डब्यांची झाकणं अदलाबदल झाली आहेत, दुधाचं पातेलं नको तेवढं मोठं आहे. शेवटी बायकोनं हात जोडले. "अहो, आता बाहेरचं काहीतरी बघा. घरातलं सगळं बघून झालंय तुमचं."

म्हणून निसर्ग छायाचित्रणाच्या कार्यशाळेत नाव घातलं. दर रविवारी सकाळी शहराबाहेरच्या तलावावर जायचं आणि सगळं स्वतःच्या हातानं करायचं. फळा-खडू काही नाही. शिकवणारा माणूस चाळिशीचा, मला धाकटा भाऊसुद्धा म्हणता येणार नाही इतका लहान, पण सगळे त्याला मास्तर म्हणतात म्हणून मीही म्हणतो. रविवारी घरी गेल्यावर वही लिहा, असं त्यांनीच सांगितलंय. काय पाहिलं, काय चुकलं ते. चुकांची नोंद ठेवायला माझी हरकत नाही, फक्त या वेळी त्या माझ्या असणार.

आज तीन तास दगड आणि पाणी. मास्तरांनी माझे सगळे फोटो पाहिले आणि "दगड सरळ आलाय" एवढंच म्हणाले. आमच्यात दाताच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांची लेन्स त्यांच्या हातापेक्षा लांब. नाकापेक्षा मोती जड, असं मनात म्हटलं खरं, पण त्यांचे फोटो माझ्यापेक्षा बरे आले होते.

रविवार, १८ जानेवारी

आज लपण शिकलो. लपण म्हणजे मातकट कापडाचा छोटा तंबू, पाण्याच्या काठी गवतात रोवलेला, समोर लेन्सपुरतं भोक. आत स्टुलावर मुकाट बसून राहायचं. तिथून वीसेक पावलांवर पाण्यात एक वाळका खुंट आहे, त्यावर मासे टिपायला खंड्या पक्षी येतो. मागे पाणी, आणि पाण्यापलीकडे तलावाचा बांध.

अडचण अशी, की माणूस तंबूत शिरताना खंड्या बघतो आणि मग तो माणूस बाहेर पडेपर्यंत फिरकतच नाही. त्यावरची युक्ती ऐकून मला हसू आलं. पक्ष्याला माणसं दिसतात, पण मोजता येत नाहीत. म्हणून लपणात दोघांनी शिरायचं. पाच मिनिटांनी एकानं बाहेर पडायचं आणि खुशाल बडबड करत, हातवारे करत, पक्ष्याच्या डोळ्यांदेखत लांब निघून जायचं. पक्ष्याला वाटतं, गेली ब्याद. आणि तो खुंटावर येऊन बसतो.

नियम दोन. आतल्यानं मधेच उठून बाहेर यायचं नाही, कारण पक्षी असा दचकला तर ती जागा कायमची सोडू शकतो. आणि जो लांब गेला त्यानंच ठरल्या वेळी परत येऊन आतल्याला न्यायचं.

"जोडीदार ज्याचा त्यानं आणायचा," मास्तर म्हणाले. प्रत्येकाचं लपण तलावाच्या वेगळ्या टोकाला, एकमेकांच्या हाकेपलीकडे.

घरी येऊन बायकोला विचारलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी तुमच्याबरोबर यायचं आणि मग नुसतं निघून जायचं? एवढं सोपं काम छत्तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतंत हो."

रविवार, २५ जानेवारी

बायकोसारखी निघून जाणारी बाई शोधून सापडायची नाही. तीस वर्षं शाळेत खेळाच्या बाई होती. मुलं तिला 'गाडी' म्हणायची, कारण मैदानाच्या या टोकाला दिसली म्हणेपर्यंत ती त्या टोकाला पोचलेली असायची. आज लपणातून बाहेर पडली ती "एक-दोन, एक-दोन" असं मोठ्यानं म्हणत, हात हलवत गेली. काठाकाठानं बांधावर चढली, बांध वळसा घेऊन बरोबर माझ्या समोरून जातो तिथून पुढे, तलावाचं जादा पाणी जातं त्या सांडव्याच्या, लपणातून दिसणाऱ्या पायऱ्या उतरून पलीकडे गाडीपाशी. तिथे बसून शब्दकोडं सोडवायचं आणि नऊला मला न्यायला यायचं, असं ठरलं होतं.

खंड्या दहा मिनिटांत आला. नेमका तेव्हाच बांधावर तिचा फोन वाजला. माझ्या वाट्याला फक्त शेपूट आलं, तेही हललेलं.

परतताना मी फार बोललो. पुढच्या वेळी फोन गाडीत ठेवायचा, आणि ती केशरी शाल तर मुळीच नको, मातकट काहीतरी घाल. ती म्हणाली, "फोन ठेवीन. शाल ठेवणार नाही. थंडी मला वाजते, पक्ष्याला नाही."

रविवार, १ फेब्रुवारी

हॉस्पिटलातल्या बाकावर बसून लिहितोय. दुपारचे तीन वाजलेत.

बायको सांडव्याच्या पायऱ्यांवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. आत नेलंय, आज ऑपरेशन होईल म्हणतात. पायऱ्यांवर शेवाळ होतं. फोन गाडीत होता. नऊ वाजले तरी ती न्यायला आली नाही, म्हणून नऊ वाजून दहा मिनिटांनी मी आपणच बाहेर पडलो आणि बांधावर गेलो, तर पडलेली. शुद्धीवर होती. ओठ निळे पडले होते. "आलात," एवढंच म्हणाली.

हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून कॅमेरा उघडून बसलो होतो. एक बिनकामाचा फोटो होता तो पुसला. खंड्या मासा घेऊन आला होता, त्याचे पुष्कळ आलेत, त्यातला एक फार सुंदर आहे. हे आत्ता लिहायला नको होतं.

सोमवार, २ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. आत सळई बसवली. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ पडून होत्या?"

मी म्हटलं, "वीसेक मिनिटं असतील."

डॉक्टर कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, आणलं तेव्हा अंग फार गार होतं, वीस मिनिटांत एवढं होत नाही. मला वाटलं बायको झोपलीय, तर ती डोळे मिटूनच बोलली. "मी थंडीला कच्चीच आहे हो डॉक्टर. आणि पायरीवर पाणी होतं, त्यातच बसले होते."

तिला वेळेचं भान राहिलं नव्हतं हे एका अर्थी बरंच झालं. एवढ्या दुखण्यात कोणाला राहील?

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मुलगी आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. "बाबा, तू होतास म्हणून. एकटी असती तर?" मी तोंड वळवून तिची बॅग उचलली. तिला वाटलं मला भरून आलंय.

बायकोच्या छातीत कफ झालाय. ताप उतरत नाही. गारठ्यात पडून राहिल्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले. मोडलेल्या हाडापेक्षा त्यांना आता त्याचीच काळजी आहे.

दुपारी मुलीनं सहज विचारलं, "पण बाबा, तुला आतून काहीच दिसलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "अगं, त्या तंबूला एवढंसं भोक. त्यातून त्यांना तो खुंट दिसतो, दुसरं काही नाही. दिसलं असतं तर आले नसते का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी द्या जरा."

"आणि तू हाका नाही मारल्यास?"

"आधी नाही मारल्या. म्हटलं यांचा पक्षी उडेल, मग महिनाभर ऐकावं लागेल. नंतर मारल्या, पण सांडव्याच्या पाण्याचा केवढा आवाज."

मुलगी हसली. मीही हसलो. पाणी दिलं. केवढा भाबडा विश्वास आहे हिचा माझ्यावर. त्या विश्वासानंच जीव नकोसा होतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

ताप उतरला. मुलगी आईजवळ थांबली आणि मला अंघोळीला घरी पाठवलं. अंघोळ राहिली बाजूला, मी कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर उघडले.

प्रत्येक फोटोवर वेळ असते. त्या रविवारचा पहिला सात-सव्वीसचा. शेवटचा नऊ वाजून चार मिनिटांचा.

खंड्या धारदार आलाय. पिसन् पीस मोजता येईल. खुंटावरचा ओलावा दिसतो. त्याच्या मागे सगळं धूसर, निळसर करडं, आणि डाव्या खांद्याच्या वर एक केशरी डाग. मऊ, कडा विरघळलेला. एकापाठोपाठ फोटो पुढे सरकवले की तो डाग हलतो. वर जातो, खाली येतो. पुन्हा वर.

त्या दिवशी मला वाटलं होतं, शाल वाऱ्यानं उडतेय. वहीत तसं लिहायला म्हणूनच बसलो होतो. पण चौतीस वर्षं तपासनीस होतो, आणि फोटोत खुंटाचं पाण्यातलं प्रतिबिंब काठीसारखं सरळ पडलंय. एक तरंग नाही. वारा नव्हता.

सात-चाळीसनंतर डाग हलायचा थांबतो. मग शेवटपर्यंत एका जागी आहे.

रविवार, १५ फेब्रुवारी

बायको काल घरी आली. मी आज जाणारच नव्हतो, तिनंच ढकललं. "जा हो. घरात बसून माझ्या वॉकरवर फुल्या माराल. मुलगी आहे ना."

कार्यशाळेत आज सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावून चर्चा होती. मी साधाच एक दिला होता, दगडाचा. पण मास्तरांनी कार्ड मागितलं आणि स्वतःच चाळलं, आणि त्या मासेवाल्या फोटोपाशी थांबले. मग उठून पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवलं. खंड्यावर नाही, मागच्या डागावर.

"पक्षी सगळेच काढतात," म्हणाले. "हे बघा. सगळा फोटो थंड आहे, आणि हा एक केशरी रंग त्याला ऊब देतो. हा नसता तर फोटो मेला असता. काय आहे ते मागे?"

"फुलं," मी म्हटलं.

इतकं पटकन कसं सुचलं ते माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बांधावर फुलं कधी पाहिली नाहीत. मी म्हटलं, होती, आता गळली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खाई त्याला खवखवे. मला वाटलं त्यांना कळलंच. मग त्यांनीच मऊ आवाजात विचारलं, बायको कशी आहे? त्यापेक्षा त्यांनी दात उपटला असता तर बरं वाटलं असतं.

एप्रिलमध्ये प्रदर्शन आहे. मास्तरांना तो फोटो प्रवेशदाराशी लावायचाय. फॉर्म दिलाय, आठ मार्चपर्यंत भरून द्यायचा.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

फॉर्म भरायला घेतला. कॅमेरा, लेन्स, वेळ, ठिकाण. वेळ लिहिताना हात अडला, तरी लिहिली. सर्वांत खाली एक ओळ छापली आहे: 'हे छायाचित्र काढताना कोणत्याही जिवाला इजा अथवा त्रास झालेला नाही.' त्याखाली सही.

मास्तरांचा हा आवडता मुद्दा. पक्ष्याच्या घरट्यापुढची फांदी तोडू नका, अंड्यांजवळ जाऊ नका, फोटोपेक्षा जीव मोठा. आम्ही सगळे माना डोलवायचो. मी सर्वांत जास्त.

सही केली नाही. पेनाचं टोपण लावलं आणि आता इथे लिहितो, कारण कुठेतरी लिहायलाच हवं.

मी तिला पाहिलं होतं. खंड्या यायच्या आधी. भोकाच्या कोपऱ्यात केशरी काहीतरी खाली बसल्यासारखं दिसलं, म्हणून लेन्स तिकडे वळवली. ती पायरीवर बसली होती आणि हात हलवत होती. मला राग आला. पहिल्यांदा रागच आला, हे खरं आहे. म्हटलं, हिला सांगून दमलो, फोटोच्या मागे थांबू नकोस, आणि ही नेमकी तिथेच बसून गंमत करतेय. मग पाय दिसला. जसा असायला नको तसा होता.

तेवढ्यात खुंटावर खंड्या आला.

मी मनात म्हटलं, पाच मिनिटं. पाच मिनिटांनी काय बिघडतंय? लेन्स परत फिरवली. त्यानं सूर मारला, मासा आणला, खुंटावर आपटला. पाचाची दहा झाली. दहानंतर मात्र पक्ष्याचा प्रश्नच उरला नव्हता, हे कोणाला सांगितलं तर पटणार नाही. तेव्हा बाहेर पडलो असतो तर ती विचारणार, इतका वेळ काय करत होतात? त्यापेक्षा नऊ वाजू द्यावेत. ती न्यायला आली नाही, म्हणून काळजीनं बाहेर पडलो, असं होईल. वीसनंतर तीस, तीसनंतर पन्नास. जितका उशीर तितकं बाहेर पडणं अवघड. आणि हात रिकामे ठेवले तर तिकडे बघावं लागेल, म्हणून बटण दाबत राहिलो. नऊ-चारला खंड्या उडाला. त्यानंतरची सहा मिनिटं मी नुसता घड्याळाकडे बघत बसलो होतो.

माझी बायको थंड पाण्यात बसली होती आणि मी वेळ जुळवत होतो. मला स्वतःची शिसारी येते.

रविवार, २२ फेब्रुवारी

मुलगी काल गेली. जाताना मला म्हणाली, "बाबा, तू किती करतोस आईचं." करतो खरं. अंघोळीचं पाणी, गोळ्या, व्यायाम, रात्रीची गरम पिशवी. ती म्हणते, "अहो, एवढं करू नका, लोकांना वाटेल मी मरतेय." मी आणखी करतो.

आज वॉकर धरून फिरताना टेबलावरचा फॉर्म तिला दिसला असावा. दुपारी चहा घेताना म्हणाली, "फॉर्मवर सही करायची राहिलीय तुमची."

"बघू."

"बघायचं काय त्यात? कोणाला त्रास झाला? पक्षी तर पोटभर जेवला म्हणताय." आणि बशीत ओतलेला चहा फुंकत बसली. मग म्हणाली, "तो फोटो मला दाखवला नाहीत अजून."

मी म्हटलं, कार्ड मास्तरांकडे आहे. कार्ड माझ्या खिशात होतं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे तपासणी. हाड जुळतंय. पण तो पाय थोडा आखूड राहील आणि चालताना झोल जाणार, कायमचा. काठी लागेल. बायकोनं विचारलं, "पळता येईल का?" आणि डॉक्टर काही बोलायच्या आत स्वतःच हसून म्हणाली, "गंमत केली."

गाडीत बसल्यावर मात्र तिनं काच वर केली. शाळेच्या मैदानावरून येताना आतली मुलं पळत होती, तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी गाडी कशी चालवत होतो ते माझं मला माहीत. डॉक्टर म्हणतात आखूड पायाचा आणि उशिराचा काही संबंध नाही, हाड तसंच मोडलं होतं. मी मुद्दाम विचारून घेतलं. विचारताना मला आपण कोणत्या उत्तराची आशा करतोय ते कळलं, आणि जास्तच लाज वाटली.

रविवार, ८ मार्च

आज फॉर्मचा शेवटचा दिवस.

सकाळी दहाला ती वॉकर धरून बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारत होती. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मी तोंडानं मोजत होतो. सातव्या फेरीला मी मोजायचं थांबलो. म्हटलं, "मी तुला पाहिलं होतं."

ती थांबली नाही. दारापर्यंत गेली, वळली.

"पडल्यावर पाहिलं होतं. लगेच. पाय मोडलाय हेसुद्धा कळलं होतं. आलो नाही."

ती खिडकीशी आली, खुर्चीत हळूहळू टेकली, पाय सरळ केला. "काच चमकली होती," म्हणाली. "तुमची लेन्स माझ्याकडे वळली तेव्हा ऊन पडलं तिच्यावर. म्हटलं, दिसले मी. आता येतील. म्हणून आणखी जोरात हात केले. मग ती परत फिरली."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. डॉक्टरांपुढे, मुलीपुढे, सगळीकडे. आणि मी बसलो होतो तिच्या भाबडेपणावर वहीत पानं भरत. उंटावरचा शहाणा.

"मग बोलली का नाहीस?"

"कोणापुढे बोलू? मुलीपुढे? तिला बाप एकच आहे." मग म्हणाली, "आणि तुम्ही सांगाल असं वाटत होतं. आज सांगतील, उद्या सांगतील. तिथे बसून वाट बघितली तशीच इथेही बघितली. मला चीड नाही आली असं समजू नका. तुम्ही गरम पिशवी आणायचात ना, तेव्हा ती तोंडावर फेकाविशी वाटायची."

मी रडलो. तिनं रडू दिलं, उठून जवळ आली नाही, आणि तिला उठायला जड जातं हे त्याचं कारण नव्हतं.

"दाखवा आता फोटो," म्हणाली.

कॉम्प्युटर तिच्या मांडीवर ठेवला. ती एकेक पुढे सरकवू लागली. मासेवाला आला तेव्हा थांबली. "सुंदर आहे हो," म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं, तेच मला सहन होईना. केशरी डागावर बोट ठेवलं. "ही मी?" मी मान हलवली. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि या वेळी फोटो बघतच नव्हती, खालचे आकडे बघत होती. तीस वर्षं सहलीला मुलं नेली तिनं. बसमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची.

"चारशे बारा, हा आधीच्या रविवारचा, शेपटाचा. चारशे चौदा. तेरा कुठे गेला?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं, तरी क्षणभर जीभ वळत होती. "पुसला," मी म्हटलं. "त्यात तू स्पष्ट आली होतीस. लेन्स वळवली तेव्हा बोट दाबलं गेलं. पहिलाच होता तो."

"कधी पुसलात?"

"हॉस्पिटलात. बाकावर. तुला आत नेलं होतं तेव्हा."

हे तिला माहीत नव्हतं. बाकी सगळं तिनं पाच आठवडे गिळलं होतं, पण हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ते तिच्या तोंडावर दिसलं. तिनं कॉम्प्युटर माझ्या हातात दिला, वॉकर ओढला आणि उठली. तिला उठताना आधार लागतो. आज तिनं हात पुढे केला नाही. एकटीच आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. लावलं नाही, नुसतं लोटलं.

मी तिथेच बसून राहिलो. आत जावं की जाऊ नये कळेना. थोडा वेळ जाऊ द्यावा, तिचा राग निवू द्यावा, असं मनात आलं, आणि तसं मनात आल्याबरोबर मी उठलो. दार ढकललं.

ती पलंगाच्या कडेवर माझ्याकडे पाठ करून बसली होती. वळली नाही.

"त्यात मी कशी दिसत होते ते सांगा," म्हणाली. "तो फोटो जगात तुम्ही एकट्यानंच पाहिलाय. नीट सांगा. काही सोडू नका."

मी दारातच उभा राहून सांगितलं. शाल एका खांद्यावरून घसरली होती. डावा बूट निघून खालच्या पायरीवर पडला होता. एक हात पायरीवर टेकलेला, दुसरा वर. केस कपाळावर ओले. डोळे सरळ लेन्सकडे. इथवर सांगून थांबलो.

"आणि?"

"तोंड उघडं होतं."

"काय म्हणत होते मी?"

छत्तीस वर्षांत तिनं मला दुसऱ्या कशानं हाक मारलेली नाही. तेव्हा तिचे ओठ कसे होतात ते मला डोळे मिटूनही सांगता येईल.

"अहो," मी म्हटलं. "'अहो' म्हणत होतीस."

"हो," ती म्हणाली. "तेच म्हणत होते."